पूर्ण डोस

वजनकाट्यावर उभं राहतानाही मावशीनं पर्स सोडली नाही.

"पर्स खाली ठेवा, बाई," रझियाताई म्हणाल्या. "नाहीतर तिच्या वाटचंही इंजेक्शन तुम्हालाच जाईल."

"जाऊ दे की. फुकट मिळतंय तर घ्यावं माणसानं."

रझियाताई आमच्या सीटी विभागाच्या तंत्रज्ञ होत्या. पेशंट घाबरलेला असला की त्या त्याला हसवत, आणि न घाबरणारा समोर आला की स्वतः हसत. मावशीनं पर्स माझ्या हातात दिली आणि काट्यावर ताठ उभी राहिली. सगळं आयुष्य तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून, ताठ बसून काढलं होतं. निवृत्तीनंतरही पाठीचा तो कणा तसाच राहिला होता.

"वजन कशाला लागतं रे मुकुल? फोटोच काढायचाय ना?"

"वजनावर औषध ठरतं, मावशी."

त्या औषधाला आम्ही कॉन्ट्रास्ट म्हणतो. हाताच्या शिरेतून ते रक्तात जातं, रक्ताबरोबर यकृतात उतरतं, आणि पडद्यावर यकृत हळूहळू उजळतं. गाठीला ते तितकंसं पोचत नाही. म्हणून यकृत जितकं उजळेल, तितकी गाठ काळी उठून दिसते. उजेड कमी पडला, तर दोघांच्या राखाडी छटा एकमेकींत मिसळतात. मावशीच्या आतड्यातली गाठ काढून दोन वर्षं होत आली होती. यकृत अजून स्वच्छ आहे ना, एवढंच आज पाहायचं होतं. पण त्या 'एवढंच'मध्ये तिचं पुढचं सगळं आयुष्य होतं, आणि माझंही बरंचसं. आई गेल्यापासून मी तिच्याकडेच वाढलो होतो. कृष्णेकाठच्या ज्या धर्मादाय रुग्णालयात मी क्ष-किरणशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होतो, तिथेही मी तिच्याच घरून सायकलनं जात असे.

माझ्या प्रबंधाचा विषय नेमका हा डोसच होता. कल्पना टेंबे सरांची. मशीनची किरणशक्ती थोडी खाली आणली की कमी औषधातही यकृत पुरेसं उजळतं, मग एक तृतीयांश औषध वाचवता येईल आणि मूत्रपिंडावरचा भार हलका होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. चित्रात थोडे दाणे येतात, वाळू पसरल्यासारखे. पण सरावलेल्या डोळ्याला त्यांचा अडथळा होत नाही, असं सर म्हणत. कोणाला पूर्ण डोस द्यायचा आणि कोणाला कमी, हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवत असे. मावशीच्या पाकिटात कमी डोस निघाला होता.

मी रझियाताईंना थांबायला सांगितलं आणि रिपोर्टिंग रूमचं दार लोटलं.

त्या खोलीत कायम अंधार असे. पडद्यांच्या उजेडात सरांचा चेहरा पाण्याखालच्या दगडासारखा शांत दिसायचा. त्या अंधारात त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी दोन वर्षं काढली होती. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. इतर सर्व अध्यापकांना तो माझा दोष वाटे. टेंबे सर मात्र पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "बोलणारे इथे पुष्कळ आहेत. बघणारा एखादाच असतो. तू बघ." त्या एका वाक्यावर मी त्यांचा झालो होतो. त्यांच्यासारखा चष्मा कपाळावर सरकवायची सवयही मला नकळत लागली होती.

"सर, मावशी आली आहे. तिला अभ्यासातून वगळलं तर चालेल का?"

"का? नको म्हणते का ती?"

"ती नाही. मलाच... तिचा आजार जुना आहे. काही राहून जायला नको."

सरांनी पडद्यावरून नजर काढली. "म्हणजे परक्याचं राहून गेलेलं चालेल?"

मी खाली पाहिलं. ते हसले, खुर्चीतून उठले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाहेर घेऊन आले.

"नमस्कार, प्रमिलाबाई. तुमचा भाचा घाबरलाय."

"तो लहानपणापासूनच तसा," मावशी म्हणाली. "पण मला एक सांगा, सर. औषध कमी म्हणजे फोटो कमी तर नाही ना येणार?"

सर तिच्या शेजारी बाकावर बसले. पेशंटच्या शेजारी बसणारे ते आमच्याकडचे एकटेच प्रोफेसर होते. "तुम्हाला मधुमेह आहे. औषध जितकं कमी, तितकं तुमच्या किडनीला बरं. फोटोची जबाबदारी माझी. उद्या माझी आई इथे आली ना, तर तिलाही मी हेच देईन."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या बाजूनं प्रश्न मिटला होता.

"आणि मुकुल," सर जाता जाता म्हणाले, "हा स्कॅन तू वाचायचा नाहीस. घरच्या माणसाचा स्कॅन आपण वाचू नये. डोळे खोटं बोलतात. माझ्यावर सोपव."

मी सोपवला. संध्याकाळी सरांनी स्वतः सही केलेला रिपोर्ट माझ्या हातात दिला. यकृत स्वच्छ. मावशीनं दुसऱ्या दिवशी सरांसाठी कडबोळ्यांचा डबा दिला. सरांनी त्या अंधारात बसून एकेक कडबोळं चवीनं खाल्लं, आणि म्हणाले, "तुझ्या मावशीला सांग, असे पेशंट रोज आले तर मी निवृत्त होणार नाही."

दिवाळीनंतर सर हैदराबादच्या परिषदेत आमच्या पद्धतीवर बोलून आले. तिथे टाळ्या झाल्या, असं इतरांकडून कळलं. सर स्वतः त्याबद्दल काही बोलले नाहीत. त्यांचा तो संकोच मला तेव्हा त्यांचा मोठेपणा वाटला होता.

त्यानंतर काही दिवसांनी, एका सकाळी सरांनी मला विद्यार्थ्यांचा तास घ्यायला पाठवलं. माझ्यासारख्या अबोल माणसाला तास देणं हा त्यांचा नेहमीचा लाडका उपाय होता, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण वर्गातला प्रोजेक्टर चालेना. थोडा वेळ खटपट करून मी मुलांना सोडून दिलं आणि परत आलो.

रिपोर्टिंग रूममध्ये कोणी नव्हतं. पडद्यावर एक पोटाचा स्कॅन उघडा होता. सवयीनं मी आधी चित्र पाहिलं, मग नाव.

काय सुंदर चित्र होतं ते. यकृत शरदातल्या दुपारसारखं भरून उजळलेलं, त्यातल्या शिरा पानाच्या शिरांसारख्या बारीक आणि स्वच्छ, आणि कुठेही दाणा नाही. आमच्या पद्धतीत उजेड यायचा, पण त्याच्याबरोबर ती वाळूही यायची. एकाशिवाय दुसरं येणं शक्यच नव्हतं. शंभरावर चित्रं मी त्या वाळूतून पाहिली होती. हे चित्र आमच्या पद्धतीचं नव्हतं. जुन्या किरणशक्तीवर, पूर्ण डोस देऊन काढलेलं होतं.

मग मी नाव वाचलं. सुमती टेंबे.

बाहेर रझियाताई टेबलावरची चादर बदलत होत्या.

"सरांच्या आई येऊन गेल्या का?"

"हो, आत्ताच गाडीत बसवून आले. काय गोड बाई. मला म्हणाल्या, तुझं लग्न झालंय का. म्हटलं, आजी, माझी लेक लग्नाची झालीय."

"त्यांना का आणलं होतं?"

"तुमच्या मावशीसारखंच. आतड्याचं ऑपरेशन झालंय मागे. यकृत बघायचं होतं." चादरीची घडी घालता घालता त्यांचे हात मंदावले. "तुम्ही तासाला होता ना?"

"डोस कुणी ठरवला, ताई?"

त्या चादर तशीच टेबलावर टाकून म्हणाल्या, "सरांनी. पाकीट उघडूच नका म्हणाले. मी विचारलं, किडनीचा रिपोर्ट जरा वर आहे आजींचा, आपलं कमीवालं देऊ का. तर म्हणाले, नाही, पूर्ण द्या, आधी सलाईन लावा."

"किडनीचा रिपोर्ट वर होता?"

"तुमच्या मावशीपेक्षाही वर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. "डॉक्टर, मला यात घेऊ नका. पण तुम्ही विचारलंत आणि मी खोटं बोलले असं नको व्हायला."

मी परत आत आलो, दार लावलं, आणि सरांनी वाचू नकोस म्हणून सांगितलेला मावशीचा स्कॅन उघडला.

वाळू होती. सगळ्या यकृतावर सारखी पसरलेली. मी एकेक काप खाली सरकवत गेलो, परत वर आलो. वरच्या बाजूला, छातीच्या पडद्याखाली यकृताचा जो घुमट असतो, तिथे एका जागी वाळू थोडी गडद वाटत होती. पुढच्या कापात ती नाहीशी झाली. मागे आलो, तर पुन्हा होती. ओल्या कागदावर बोट टेकवून उचलावं, इतकाच तिचा ठसा. तो आहे असं शपथेवर कोणी म्हणू शकलं नसतं. नाही असंही नाही.

सर आत आले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा होतो. मावशीचा स्कॅन बंद केलेला होता.

"तास लवकर संपला?"

"प्रोजेक्टर बिघडला, सर." मग मला स्वतःचाच आवाज ऐकू आला, "आजींचा स्कॅन पाहिला."

ते चष्मा पुसत होते. पुसत राहिले. "मग? कसं वाटतंय यकृत?"

"स्वच्छ आहे. फार स्पष्ट आलंय. दाणे नाहीत."

"हं." त्यांनी चष्मा लावला. "बस, मुकुल."

मी बसलो नाही. इतक्या दिवसांत त्यांनी बस म्हटल्यावर मी उभा राहिलो, असं प्रथमच घडत होतं. ते त्यांच्याही लक्षात आलं.

"विचार, काय विचारायचंय ते."

"तुम्ही मावशीच्या शेजारी बसून म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो. आणि तेव्हा मला ते खरं वाटत होतं." ते आपल्या खुर्चीत बसले. "आज आई त्या टेबलावर आडवी झाली, आणि मला ते खरं वाटेना. एवढंच झालं."

"पण आजींची किडनी मावशीपेक्षाही..."

"किडनी सांभाळता येते रे. सलाईन देता येतं, तपासण्या करत राहता येतं. एखादी गाठ नजरेतून सुटली, तर मग काय सांभाळणार?"

ज्या संथ, समजावणीच्या स्वरात ते मला दोन वर्षं शिकवत आले होते, त्याच स्वरात हे वाक्य आलं. आणि ते संपता संपता त्यांनाही ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी पडद्यावरचा आईचा स्कॅन बंद करून टाकला.

"सर, मावशीच्या स्कॅनमध्ये मला एका जागी शंका वाटते आहे."

"घुमटाजवळ," ते म्हणाले. "उजव्या शिरेच्या मागे."

मी जागा सांगितलेली नव्हती.

खोलीतल्या यंत्रांचा पंखा फिरत होता. बाहेर रझियाताई कुणाला तरी अंगठी काढून ठेवायला सांगत होत्या. मी खुर्चीची पाठ धरली.

"तुम्ही पाहिलं होतं."

"शंका आली होती. दाण्यांत असं पुष्कळदा भासतं. तुलाही माहीत आहे."

"रिपोर्टमध्ये एक ओळ लिहिली असती तरी..."

"एक ओळ लिहिली की फेरतपासणी आली. फेरतपासणी पूर्ण डोसची. म्हणजे आपल्या पद्धतीनं गाठ नीट न दिसलेला पेशंट म्हणून तो मोजावा लागला असता, आणि परिषद तोंडावर होती." ते थांबले. "तीन महिन्यांनी मी त्यांना बोलावणारच होतो. आणि तुला विनाकारण घाबरवायचं नव्हतं मला. तू आधीच किती घाबरला होतास, आठवतं ना."

शेवटचं वाक्य ते खरोखर मायेनं बोलले. माझ्या भीतीची आठवण ठेवून त्यांनी मावशीच्या यकृतावरची एक ओळ पुसली होती, आणि ते मला आता भेट दिल्यासारखं सांगत होते. पुढे अनेक माणसांनी मला फसवलं. जगात वावरायचं म्हटलं की तेवढं होतंच. पण त्यांच्यापैकी कोणी माझ्याशी इतक्या मायेनं बोललं नाही.

"उद्या मी तिचा स्कॅन पुन्हा करतो," मी म्हणालो. "पूर्ण डोस."

"कर." ते पडद्याकडे वळले. "मी रझियाला सांगतो."

"नको. मीच सांगेन."

घरी मावशी रेडिओ लावून मटार सोलत बसली होती. वाटेत सायकलवर मी तिला सांगायची वाक्यं जुळवली होती. सर असे म्हणाले, सरांनी असं केलं. दारात आलो आणि त्यांतलं एकही वाक्य ओठांवर आलं नाही. उद्या तिला त्याच टेबलावर झोपायचं होतं, आणि कदाचित पुढे ऑपरेशनच्या टेबलावरही. ज्या रुग्णालयावर तिचा विश्वास उरणार नाही, तिथे ती झोपणार कशी, हे मला कळेना.

"उद्या पुन्हा स्कॅन करायचाय, मावशी."

तिच्या हातातली शेंग उघडायची थांबली. "का रे? काही दिसलं?"

"एका जागी नीट बघायचंय. नक्की काही नाही."

"कुणाला बघायचंय? सरांना?"

मी मान हलवली. ती कोणत्या दिशेला हलली, हे मलाच सांगता आलं नसतं.

"बघ," ती म्हणाली, "इतके दिवस उलटले तरी सरांच्या डोक्यातून माझा फोटो गेला नाही. याला म्हणतात डॉक्टर." आणि तिनं शेंग उघडली.

दुसऱ्या दिवशी रझियाताईंनी सकाळच्या सलाईनपासूनची सगळी तयारी नीट पाहून घेतली आणि काही न विचारता पूर्ण डोस भरला. काचेपलीकडे मावशी डोक्यावर हात घेऊन पडली होती. यंत्रातला ध्वनिमुद्रित आवाज तिला श्वास रोखायला सांगत होता. एक्स्चेंजवाली असल्यानं बहुधा, त्या आवाजाला तिनं "बरं" असं उत्तर दिलं. रझियाताई हसल्या नाहीत.

चित्रं उतरू लागली. यकृत उजळलं, भरलं, आणि घुमटाजवळ, उजव्या शिरेच्या मागे, एक लहानसा काळा गोल स्पष्ट, कोरल्यासारखा उभा राहिला. त्याच्या कडेवर कुठेही शंका नव्हती. वाळूखाली तो इतके दिवस निवांत वाढत होता.

सर्जन दुपारी चित्रं पाहून म्हणाले की गाठ एकटीच आहे, एका कडेला आहे, काढता येईल. आणखी काही महिने गेले असते तर तसं म्हणता आलं नसतं. ती काढली गेली. मावशी त्यानंतर बरीच वर्षं जगली, आणि शेवटही त्या आजारानं झाला नाही. तिच्यापुरतं सगळं सुरळीत पार पडलं. पण माझ्या मनात ती गोष्ट त्या दुपारीच थांबलेली आहे, सर्जनच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात.

मावशी तिथे बाकावर बसली होती. मी तिला गाठीबद्दल सांगितलं. ती रडली नाही. पर्स उघडून रुमाल काढला, त्याची घडी मोडली, पुन्हा घातली. तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाकडून टेंबे सर येताना दिसले. मला पाहून त्यांची पावलं अडखळली. मागे फिरायला वाव नव्हता.

मावशी उठून उभी राहिली आणि तिनं हात जोडले.

"सर, तुमचे उपकार कसे फेडू. तुम्ही पुन्हा बघा म्हणालात म्हणून सापडलं. नाहीतर मी आपली स्वच्छ आहे म्हणून घरात बसून राहिले असते."

मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते बोलतील. चुकलो म्हणणार नाहीत कदाचित, पण निदान मुकुलनं पाहिलं एवढं तरी म्हणतील. मी खरोखर वाट पाहिली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"काळजी करू नका, प्रमिलाबाई," ते म्हणाले. "वेळेत सापडलंय."

"मुकुल," मावशी म्हणाली, "असा उभा काय राहिलास खांबासारखा? पाया पड सरांच्या."

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत ऑपरेशनची भीती होती, आणि त्या भीतीच्या वर, तिला सावरून धरणारा, या माणसावरचा तिचा विश्वास होता. मी तो काढून घेतला असता, तर तिच्या हातात दुसरं काय दिलं असतं?

मी वाकलो. सरांच्या बुटांना हात लावला.

"पुरे," सर वरून हलकेच म्हणाले. "ऊठ, मुकुल."

मावशी समाधानानं काहीतरी बोलत होती. त्यांनी मला उठवायला हात पुढे केला होता. त्याची सावली माझ्या हातांवर पडलेली मला दिसत होती. मी तसाच वाकून राहिलो, ती सावली बाजूला होईपर्यंत.